मंगळवारी मत कोणाला देऊ?

२७ फेब्रुवारी २०२०

सनीवेल, कॅलिफोर्निया येथून एका वाचक भगिनीने लिहिले आहे:

‘मी मूळची सांगलीची. अमेरिकेत येऊन एकवीस वर्षे झाली, नागरिकत्व गेल्या वर्षी मिळाले. येत्या ३ मार्चला डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्याच्या मतदानात, मी या देशात पहिल्यांदा मत देणार आहे, पण घरात तीन माणसांची तीन मते आहेत. यजमान म्हणतात, ट्रम्प यांना हरवू शकेल तोच उमेदवार हवा. आधी त्यांना बायडन तसे वाटत होते, आता ब्लूमबर्ग वाटू लागले आहेत. मुलगी डेव्हिसला दुसऱ्या वर्षाला आहे, ती बर्नी सँडर्स यांच्यासाठी दारोदार फिरते. मला कमला हॅरिस आवडत होत्या, त्यांनी माघार घेतल्यापासून एलिझाबेथ वॉरन पटतात. मी दातांच्या दवाखान्यात बिलिंगचे काम करते, विमा कंपन्यांशी रोज गाठ पडते, म्हणून वॉरन यांचे बोलणे मला नेमके वाटते. मुलगी म्हणते, आई, तुझे मत वाया जाईल आणि वर बर्नींचे एक कमी होईल. यजमान म्हणतात, अमेरिका त्यांना निवडून देणार नाही. गेल्या रविवारी मुलगी घरी आली होती. जेवताना ती म्हणाली, बर्नी नसतील तर नोव्हेंबरमध्ये मी मतच देणार नाही, आणि हे भरल्या ताटावरून उठून गेले. त्यातच मला टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर अध्यक्षपदाचा रकानाच नाही. नोंदणी करताना मी ‘नो पार्टी प्रेफरन्स’ असे लिहिले होते. माझी धाकटी जाऊ टेक्सासात प्लेनोला एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहे, ती म्हणते, आमच्या वतीनेही तूच मत दे. मनाला पटेल त्याला मत द्यावे की जिंकेल त्याला? माझ्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?’

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा आहे, पण मुदत रकान्याच्या प्रश्नाला आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देते. तुमची मतपत्रिका चुकीची आलेली नाही. कॅलिफोर्नियात अध्यक्षपदाच्या प्रायमरीत कोणाला मत देऊ द्यायचे हे ज्या त्या पक्षाने ठरवायचे असते. रिपब्लिकन पक्षाने आपले दार केवळ स्वतःच्या नोंदणीकृत मतदारांपुरते ठेवले आहे, तर डेमोक्रॅटिक पक्ष तुमच्यासारख्या पक्ष न निवडलेल्या मतदारांनाही आत घेतो, मात्र त्यांनी तशी मागणी करावी लागते. ही मागणी करण्यासाठी आधी एक पोस्टकार्ड आले असणार. ते बहुतेक घरांत जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर कचऱ्यात गेले, त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. टपालाने नवी मतपत्रिका मागवण्याची मुदत परवा, २५ तारखेला संपली आहे, परंतु सांता क्लारा काउंटीत २२ तारखेपासून मतदान केंद्रे उघडली आहेत. घरी आलेली कोरी मतपत्रिका तिच्या पाकिटासकट तिथे घेऊन जा, ती परत करा आणि ‘डेमोक्रॅटिक क्रॉसओव्हर बॅलट’ हवे आहे असे याच शब्दांत सांगा. टेबलावरच्या माणसाने आपण होऊन विचारण्याची वाट पाहू नका. फक्त जुनी मतपत्रिका भरून पेटीत टाकू नका, कारण एकदा ती सही करून दिली की मग कोणालाच काही करता येणार नाही.

आणि जायचे ते आज-उद्या जाऊ नका. सोमवारी जा, किंवा थेट मंगळवारी जा. कॅलिफोर्नियात मतपत्रिका ३ फेब्रुवारीपासून घरोघरी जाऊ लागल्या. त्या आठवड्यात उत्साहाने अँड्रू यांग यांच्या नावापुढचा गोल भरून ज्यांनी पाकीट पोस्टात टाकले, त्यांच्या उमेदवाराने ११ तारखेला न्यू हॅम्पशायरच्या रात्री माघार घेतली आणि ते मत तिथेच संपले. यांग यांचे, कोरी बुकर यांचे, हुलियान कास्त्रो यांचे नाव तुमच्या नव्या मतपत्रिकेवरही छापलेले दिसेल, कारण उमेदवारांची यादी पक्की झाली तेव्हा ते रिंगणात होते. आयोवातल्या कॉकसमध्ये, म्हणजे मतदारांनी एकत्र जमून पसंती दाखवण्याच्या सभेत, ज्याचा उमेदवार १५ टक्क्यांच्या खाली राहतो त्याला उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभे राहता येते. तुमच्या कागदावर दुसऱ्या पसंतीला जागा नाही. येत्या शनिवारी साउथ कॅरोलिनात मतदान आहे आणि बायडन यांनी आपली सगळी भिस्त त्या राज्यावर ठेवली आहे. तिथले ज्येष्ठ खासदार जेम्स क्लायबर्न यांनी कालच त्यांना पाठिंबा जाहीर केला. शनिवारी रात्री निकाल लागल्यावर रविवारी-सोमवारी कोण रिंगणात उरते आणि कोण नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. केंद्रावर जाणे तुम्हाला भागच आहे. तेव्हा ते शनिवारनंतर जाण्यात तुमचा फायदाच आहे.

आता यजमानांच्या मुद्द्याकडे येते. तो सर्वांत अवघड आहे, आणि तो हलका समजून मी त्यांचा अपमान करणार नाही. ट्रम्प यांचा पराभव ही त्यांच्या दृष्टीने या वर्षातली पहिली गरज आहे, आणि त्यांच्यासारखे वाटणारे लाखो मतदार आहेत. पक्षाने मनाला भावणारा पण देशाला न पेलणारा उमेदवार दिला तर काय होते, हे १९७२ साली दिसले आहे: जॉर्ज मॅकगव्हर्न पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये हरले. त्यामुळे ‘जिंकेल का’ हा प्रश्न विचारणे चूक नाही. माझी शंका वेगळी आहे. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ आहे असे आपण कशाच्या आधारावर समजतो?

२००४ साली मी न्यू जर्सीत नागरिक होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. त्या हिवाळ्यात आयोवाच्या मतदारांनी हॉवर्ड डीन यांना बाजूला सारून जॉन केरी यांना निवडले, आणि त्यामागे मुख्य युक्तिवाद हाच होता की व्हिएतनाममध्ये लढून पदके मिळवलेल्या माणसाला बुश यांच्यासमोर कोणी कच्चा म्हणू शकणार नाही. पुढे सगळी मोहीम त्या पदकांवरच शंका घेण्यात गेली आणि केरी हरले. १९८८ च्या उन्हाळ्यात मायकेल डुकाकिस सर्वेक्षणांत १७ गुणांनी पुढे होते, तेही हरले. २०१६ मध्ये ट्रम्प निवडून येणे अशक्य आहे असे त्यांच्या स्वतःच्या पक्षातले जाणते लोक सांगत होते. जे या धंद्यात मुरलेले आहेत, ज्यांच्या हाताशी आकडे आणि माणसे आहेत, त्यांचे अंदाज जर असे वारंवार फसत असतील, तर सनीवेलच्या किंवा न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात बसून आपण केलेला अंदाज कितपत धरायचा?

एक प्रसंग सांगते, कारण त्याने माझे स्वतःचे मत बदलले. एप्रिल २००८ मध्ये, पेनसिल्व्हेनियाच्या प्रायमरीच्या आधीच्या एका शनिवारी, आम्ही काही जणी न्यू जर्सीहून बसने बेथलहेमला गेलो होतो. ओबामांसाठी दारे ठोठावायची होती. पोलाद कारखाना बंद पडून बरीच वर्षे झालेले ते गाव, लागून लागून उभी असलेली अरुंद दुमजली घरे, प्रत्येकाच्या पुढे तीन पायऱ्या आणि लोखंडी कठडा. माझ्या हातातल्या फळीला लावलेल्या यादीत एका रांगेतली अकरा घरे होती. चौथ्या दारात एक निवृत्त गृहस्थ आले, कारखान्यात तीस वर्षे काढलेले. त्यांनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘माणूस चांगला आहे, मला चालेल. पण या रस्त्यावर त्याला कोणी मत देणार नाही, म्हणून मी हिलरींना देणार.’ पुढे दोन दारे सोडून एक बाई भेटल्या. त्यांच्या घरात, खिडकीच्या आतल्या बाजूला, पडद्यामागे ओबामांचे निळे पत्रक उभे करून ठेवलेले मला दिसले. बाहेर का लावले नाही, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘या रस्त्यावर एकटीच मी आहे.’ ती प्रायमरी ओबामा हरले. नोव्हेंबरमध्ये मात्र त्याच पेनसिल्व्हेनियात ते सहा लाखांहून अधिक मतांनी जिंकले. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी यादीवरच्या खुणा मोजत बसले होते आणि मला पहिल्यांदा जाणवले, की लोकांनी मला स्वतःचे मत कमी आणि शेजाऱ्याचे मत जास्त सांगितले होते, आणि शेजाऱ्याबद्दल ते चुकत होते.

म्हणून तुमच्या यजमानांना मी असे सांगेन. नोव्हेंबरची निवडणूक विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया ठरवतील अशी त्यांची धारणा असेल, तर ती २०१६ च्या अनुभवावरून योग्यच आहे. त्या तीन राज्यांत मिळून सुमारे ७८ हजार मतांनी निकाल फिरला. पण मिशिगनची प्रायमरी १० मार्चला आहे, विस्कॉन्सिनची ७ एप्रिलला आणि पेनसिल्व्हेनियाची २८ एप्रिलला. विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीच्या माणसाला काय हवे ते सांगायला मिलवॉकीचा माणूस स्वतः येणार आहे. ब्लॅक मतदारांना कोण आपला वाटतो, हा यजमानांच्या गणितातला दुसरा मोठा आकडा असणार; त्याचे उत्तर शनिवारी साउथ कॅरोलिना देईल, कारण तिथल्या डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून अधिक ब्लॅक आहेत. एकेका राज्याने आपापली साक्ष द्यावी, यासाठीच तर ही लांबलचक प्रक्रिया आहे. तुमच्याकडून साक्ष हवी आहे ती सनीवेलची: दातांच्या दवाखान्यात बिले करणाऱ्या, वीस वर्षे वाट पाहून नागरिक झालेल्या बाईला या उमेदवारांपैकी कोण पटतो, ही. ती साक्ष तुमच्याऐवजी विस्कॉन्सिन देऊ शकत नाही, आणि विस्कॉन्सिनची तुम्ही देऊ शकत नाही.

शिवाय तुमच्या मताचे वजन मार्चमध्येच खरे आहे. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात हिलरी क्लिंटन ४२ लाखांहून अधिक मतांच्या फरकाने जिंकल्या; तिथे यंदा एक मत वाढल्याने काही बदलणार नाही. पण प्रायमरीत एकूण ३,९७९ निर्वाचित डेलिगेट्सपैकी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींपैकी) ४१५ एकट्या कॅलिफोर्नियाचे आहेत, आणि पूर्वी जूनमध्ये, सगळे ठरून गेल्यावर होणारे हे मतदान मुद्दाम कायदा करून मार्चमध्ये आणले गेले आहे. २००४ साली आमची न्यू जर्सीची प्रायमरी ८ जूनला झाली. मी ऑफिसला अर्धा दिवस रजा टाकून मत देऊन आले होते, आणि केरी यांची उमेदवारी तोवर पक्की होऊन तीन महिने झाले होते. यंदाही आमची तारीख २ जूनच आहे, त्यामुळे तुम्हाला मिळालेली संधी मला किती मोठी वाटते हे तुम्ही समजू शकाल.

सांगलीत आपल्याला हे कधी कोणी विचारले नव्हते. तिकीट कोणाला हे पक्षश्रेष्ठी ठरवत, शेवटच्या रात्रीपर्यंत एबी फॉर्मची पळवापळवी चाले, आणि यादीत जी नावे उरत त्यांतून आपण एक निवडत असू. इथेही फार जुन्या काळापासून वेगळे होते असे नाही. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता पक्षाचे उमेदवार झाले, शिकागोच्या अधिवेशनात सभागृहाबाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या चालल्या, आणि त्या धक्क्यातून उमेदवार निवडण्याचा अधिकार मतदारांच्या हाती आला. जो अधिकार लोकांनी भांडून मिळवला, तो ‘दुसऱ्यांना कोण आवडेल’ याचा तर्क करण्यात घालवावा, हे मला पटत नाही.

मुलीचा मुद्दा निराळा आहे आणि तो निव्वळ गणिताचा आहे, म्हणून त्याचे उत्तरही नेमके देता येते. तुमचे मत वाया जाते का, हे पक्षाच्या १५ टक्क्यांच्या नियमावर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियाचे साधारण दोन-तृतीयांश डेलिगेट्स काँग्रेसच्या मतदारसंघांनुसार वाटले जातात आणि उरलेले राज्याच्या एकूण मतांवर; दोन्हीकडे ज्याला १५ टक्के मिळत नाहीत त्याला भोपळा, आणि ज्यांना मिळतात त्यांच्यात प्रमाणशीर वाटणी. सँडर्स ही रेषा तुमच्या राज्यात आरामात ओलांडतील. वॉरन मात्र सध्याच्या सर्वेक्षणांत त्या रेषेच्या आसपास घुटमळताना दिसतात. याचा अर्थ मुलगी सांगते त्याच्या जवळजवळ उलटा निघतो: ज्याचे तीस टक्के नक्की आहेत त्याला आणखी एका मताने फारसे काही मिळत नाही, पण जो उमेदवार चौदा आणि पंधराच्या मध्ये आहे त्याच्यासाठी प्रत्येक मत मोलाचे आहे. रेषेच्या पुष्कळ खाली असलेल्या उमेदवाराला दिलेले मत डेलिगेट्सच्या हिशेबात खरोखरच गळून पडते, हेही तितकेच खरे. तेव्हा सोमवारी रात्री दोनच गोष्टी पाहा: वॉरन रिंगणात आहेत का, आणि राज्याच्या सर्वेक्षणांत त्या बारा-तेराच्या वर आहेत का. दोन्ही उत्तरे ‘हो’ आली तर मत वाया जाण्याची भीती मनातून काढून टाका. न आल्यास दुसरी पसंती तयार हवी, आणि ती मतदान केंद्राच्या रांगेत उभे राहून ठरवण्याची गोष्ट नाही, तर या शनिवार-रविवारी घरी बसून ठरवण्याची आहे.

ही दुसरी पसंती ठरवताना तुमच्या रोजच्या कामातले ज्ञान वापरा. साध्या मेडिकेअरमध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यात, दातांचे नेहमीचे उपचार येतच नाहीत, हे पासष्ट ओलांडलेल्या पेशंटला खिडकीतून समजावून सांगण्याची वेळ तुमच्यावर किती वेळा आली असेल, याची मी कल्पना करू शकते. सँडर्स यांच्या ‘मेडिकेअर फॉर ऑल’मध्ये, म्हणजे सर्वांना सरकारी विमा देण्याच्या योजनेत, दात आणि डोळे दोन्ही धरलेले आहेत. वॉरन यांनी त्या विधेयकाला पाठिंबा दिलेला आहे, पण नोव्हेंबरात त्यांनी मांडलेला मार्ग दोन टप्प्यांचा आहे: आधी ज्याला हवा त्याला सरकारी विमा घेता येईल अशी सोय, आणि संपूर्ण बदलाचे विधेयक तिसऱ्या वर्षाच्या आत. बायडन, बटिजेज आणि क्लोबुशार हे उमेदवार पहिल्या टप्प्याशीच थांबतात. खासगी विमा उद्या खरोखर गेला, तर तुमचे आजचे कामही आज आहे तसे राहणार नाही. हे तुम्ही स्वतःशी स्पष्टपणे बोलून घ्यावे असे मला वाटते. स्वतःचे हित मोजण्यात काही कमीपणा नाही, फक्त ते मोजतो आहोत हे माहीत असावे.

मात्र योजना वाचताना प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारत चला, की हे अध्यक्ष एकट्याने करू शकतो, की त्याला काँग्रेस लागते? सिनेटमध्ये आज रिपब्लिकन ५३ आणि दुसरी बाजू ४७ आहे, आणि मोठे विधेयक पुढे न्यायला ६० जण लागतात. चर्चा लांबवून विधेयक अडवण्याला फिलिबस्टर म्हणतात, आणि ती अडवणूक मोडण्यासाठीच ही साठची अट आहे. वॉरन ती अट काढून टाकावी असे उघड म्हणतात. सँडर्स त्याला तयार नाहीत. अंदाजपत्रकाच्या प्रक्रियेतून, साध्या बहुमताने वाट काढता येईल असे त्यांचे म्हणणे आहे. दोघांच्या स्वप्नात फरक थोडा आहे, पण तिथे पोहोचण्याच्या रस्त्यात हा फरक मोठा आहे, आणि मला स्वतःला तो त्यांच्या भाषणांपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. मुलीशी वाद घालायचाच असेल तर या मुद्द्यावर घाला. ती दारोदार फिरते आहे, तेव्हा तिला हा प्रश्न कोणीतरी विचारलेला असणार आणि तिच्याजवळ उत्तर असेल.

तुमच्या जाऊबाईंचे प्रकरणही याच चाळणीतून पाहा. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांचा जीव जो टांगणीला लागतो, तो एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही या कायद्यामुळे. तो बदलण्याचे विधेयक गेल्या जुलैमध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले आणि सिनेटमध्ये अडकून पडले. कोणताही उमेदवार तो एका सहीने बदलू शकणार नाही, आणि कोणी तसे वचन देत असेल तर विश्वास ठेवू नका. एच-४ वर असलेल्या काही जोडीदारांना नोकरीची परवानगी मात्र २०१५ साली ओबामांच्या सरकारने नियमाने दिली, कायद्याने नव्हे, आणि म्हणूनच आजचे सरकार ती काढून घेण्याची भाषा करू शकते. जाऊबाईंचा पगार उद्या चालू राहतो की नाही, हे व्हाइट हाउसमध्ये कोण बसते यावर सरळ अवलंबून आहे. पण इथे डेमोक्रॅटिक उमेदवारांपैकी एकाला सोडून दुसऱ्याला निवडण्याचे कारण मला दिसत नाही. त्यांच्या वतीने मत द्यायचे ते मुख्यतः नोव्हेंबरमध्ये. मार्चचे मत तुमचे तुम्हीच वापरा.

ब्लूमबर्ग यांच्याविषयी फार लिहीत नाही. त्यांच्या जाहिराती तुमच्या घरात टीव्ही लावला की लागतात, हे मी समजू शकते. पण पहिल्या चार राज्यांत त्यांचे नाव मतपत्रिकेवर नाही, आणि वादसभेच्या मंचावर ते या महिन्यात दोनदाच आले. त्यांतल्या पहिल्या वेळी, लास वेगासमध्ये, वॉरन यांनीच त्यांना कसे निरुत्तर केले ते यजमानांनी पाहिलेले असणारच. जे अजून एकाही परीक्षेला बसलेले नाहीत ते पहिले येतील, असे म्हणायला मला आधार सापडत नाही.

आता तुमच्या जेवणाच्या टेबलाविषयी लिहिते, कारण माझ्या मते पत्रातले खरे दुखणे तिथे आहे. आपल्या जुन्या शास्त्रचर्चेत स्वतःचे मत मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडावा लागे, म्हणजे समोरच्याचे म्हणणे इतक्या प्रामाणिकपणे सांगायचे की त्याने ‘हो, हेच मला म्हणायचे आहे’ असे कबूल करावे. येत्या रविवारी जेवणे झाल्यावर यजमानांना सँडर्स यांची बाजू मांडायला सांगा आणि मुलीला बायडन यांची, पाच-पाच मिनिटे, मध्ये न बोलता. हा खेळ नाही. एकवीस वर्षे या देशात टिकून राहण्यासाठी ज्या माणसाने जपून पावले टाकली, त्याला ‘आधी पडझड थांबवा’ हेच सुचणार. आणि जिची सगळी समज २०१६ नंतरच्या अमेरिकेत घडली, तिला डागडुजी अपुरी वाटणार. हे त्यांना एकमेकांच्या तोंडून ऐकायला मिळाले, तर उमेदवार बदलणार नाही कदाचित, पण ताट टाकून कोणी उठणार नाही.

‘बर्नी नसतील तर मत देणार नाही’ या वाक्यावर मात्र तिच्याशी तुम्ही बोला, वडिलांनी नको. तिला एवढेच सांगा की १२ जुलै २०१६ रोजी न्यू हॅम्पशायरमध्ये पोर्ट्समथला सँडर्स स्वतः हिलरी क्लिंटन यांच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी त्यांना पाठिंबा दिला, आणि यंदाही उमेदवारी कोणालाही मिळाली तरी आपण त्याच्या मागे उभे राहू असे ते सांगत आहेत. ज्या माणसासाठी ती हिवाळ्यात दारे ठोठावते आहे, त्याचे ऐकणे तिला कमीपणाचे वाटणार नाही. आणि तिच्या बोलण्यामागे एक खरी जखम आहे हेही मान्य करा. गेल्या वेळी पक्षाच्या पदाधिकाऱ्यांची, म्हणजे सुपरडेलिगेट्सची मते आधीच एका बाजूला मोजली जात होती, आणि त्या तक्रारीत तथ्य होते म्हणूनच २०१८ मध्ये नियम बदलून पहिल्या फेरीत त्यांना मत देण्यापासून दूर ठेवण्यात आले. जुलैमध्ये मिलवॉकीच्या अधिवेशनात कोणालाच १,९९१ डेलिगेट्सचे बहुमत मिळाले नाही तर दुसऱ्या फेरीत ते मत देतील, आणि तेव्हा तुमच्या घरातले हे भांडण पुन्हा पेटेल. त्यासाठी थोडी शक्ती राखून ठेवा.

तुमच्या जागी मी असते तर काय केले असते, असे तुम्ही विचारले आहे. शनिवारपर्यंत थांबले असते. रविवारी दुसरी पसंती कागदावर लिहून ठेवली असती. वॉरन रिंगणात आणि रेषेच्या जवळ असत्या, तर तुम्ही दिलेल्या कारणांसाठी त्यांनाच मत दिले असते, कारण ती कारणे तुमच्या कामातून आलेली आहेत, ऐकीव नाहीत. माझी स्वतःची पसंती कोणती हे मी मुद्दामच लिहिलेले नाही. तुमच्या टेबलावर आधीच तीन मते आहेत, चौथ्याची गरज नाही.

एक राहिले. मुलगी डेव्हिसला राहते, पण तिची मतदार नोंदणी कुठे आहे हे तिला आजच फोन करून विचारा. अनेक मुले घरच्या पत्त्यावर नोंदलेली असतात, आणि त्यांची मतपत्रिका घरी आलेल्या टपालात न उघडता पडून राहते. ती तुमच्याकडे असेल तर रविवारी ती आल्यावर तिच्या हातात द्या. भरून, पाकिटावर स्वतःची सही करून ती मंगळवारी राज्यातल्या कोणत्याही मतदान केंद्रावर देता येते. पोस्टाने पाठवायची तर पाकिटावर ३ मार्चचा किंवा त्याआधीचा शिक्का हवा आणि ते ६ मार्चपर्यंत पोहोचायला हवे. शक्य झाले तर सोमवारी सकाळी, ती परत जाण्याआधी, दोघी बरोबरच केंद्रावर जा.